समुद्राला जाब विचारणारे स्तोत्र

सांगलीहून, हरिपूरच्या बाजूने, एका ४८ वर्षांच्या शिक्षिकेचे सविस्तर पत्र आले आहे. त्यातला आवश्यक तेवढा भाग त्यांच्या संमतीने येथे देत आहे. त्या अविवाहित आहेत. आई पूर्वीच गेली. वडील चर्चच्या मंडळीत वडीलजन, म्हणजे तिच्या कारभारातले ज्येष्ठ, म्हणून अनेक वर्षे सेवा करत होते, शिस्तीला कडक आणि बोलण्यात धारदार होते; तीन वर्षांपूर्वी तेही वारले. त्या लिहितात: ‘पप्पांनी आम्हाला पहाटे पाचला उठवून स्तोत्रे पाठ करायला लावली. ते गेले, पण घरात अजून त्यांचाच आवाज आहे. दुपारी पाच मिनिटे आडवी झाले तरी कोणी दाराशी उभे आहे असे वाटते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही. आमच्या प्रार्थनासभेत एका वृद्ध भगिनीने स्तोत्र ११४ वाचले आणि सांगितले की मिसर देश तुझ्या आत आहे, तिथून नीघ. त्या दिवशी मी खूप रडले आणि हलकी झाले. दुसऱ्या दिवशी आवाज पुन्हा सुरू झाला आणि शंकाही आली, की पवित्र शास्त्राचा असा अर्थ काढण्याचा आपल्याला अधिकार आहे का, की मी माझ्या सोयीचे काढून घेते आहे? त्यातच पुण्याचा दादा म्हणतो की तू एवढी देवाच्या मार्गावर आहेस तर घराचा मोह सोड आणि हक्कसोडपत्रावर सही कर. तो नाताळाला येणार आहे. आतून मोकळे होणे म्हणजे सही करून टाकणे का?’ पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिल्यासारखे लिहिले आहे की खिडकीजवळची पप्पांची वेताची खुर्ची तीन वर्षे रिकामी आहे आणि तिच्यावरची धूळ त्या रोज पुसतात.

प्रिय ताई,

आपले पत्र दोनदा वाचून मी बायबलमधले स्तोत्र ११४ काढले आणि मोठ्याने वाचले. मी आपल्या मंडळीची नाही, साताऱ्यातल्या एका वारकरी घरात वाढले, त्यामुळे हे उत्तर बाहेरून डोकावणाऱ्या पण आदराने वाचणाऱ्या बाईचे आहे असे समजा. मिसर म्हणजे इजिप्त. तिथल्या फारो राजाच्या गुलामीतून मोशेने इस्राएल लोकांना दुभंगलेल्या समुद्रातून बाहेर काढले, ती बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातली कथा या स्तोत्राच्या मागे आहे. स्तोत्र अवघ्या आठ वचनांचे आहे. तेवढ्यात समुद्र पळतो, नदी उलटी फिरते, डोंगर एडक्यांसारखे आणि टेकड्या कोकरांसारख्या उड्या मारतात आणि खडकाचे पाणी होते. मुक्ताबाईंची आकाशात उडालेली मुंगी ज्या भाषेत सहज नांदते, त्या भाषेच्या वाचकाला हे डोंगर विचित्र वाटू नयेत. आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे म्हणणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याची अखेरची वर्षे आमच्या साताऱ्यातच काढली, म्हणून तो पूल उलट बाजूने ओलांडून मी आपल्यापर्यंत येते आहे.

आधी अधिकाराची शंका. त्या वृद्ध भगिनीने सांगितलेला अर्थ तिने त्या संध्याकाळी बसल्या जागी रचलेला नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात फिलो नावाचा यहुदी तत्त्वज्ञ राहत होता. अलेक्झांड्रिया मिसर देशातलेच शहर. म्हणजे हा गृहस्थ मिसरात राहून मिसराबद्दल लिहीत होता, आणि तरीही निर्गमाची कथा उलगडताना त्याने मिसराचा अर्थ देहाच्या आणि विकारांच्या अधीन झालेले जीवन असा लावला. नकाशावरचा देश सोडा असे त्याला म्हणायचे असते तर आधी स्वतःचे बिऱ्हाड हलवावे लागले असते.

पुढे यहुदी गूढवाद्यांनी, आणि विशेषतः १८व्या शतकात पूर्व युरोपात उदयाला आलेल्या हसिदी पंथाच्या आचार्यांनी, हा धागा एका शब्दावरून आणखी लांबवला. हिब्रूत मिसर देशाला ‘मित्स्राईम’ म्हणतात आणि ‘मेत्सार’ म्हणजे अरुंद जागा, कोंडी. हिब्रू लिखाणात मुख्यतः व्यंजनेच लिहिली जात असल्याने हे दोन शब्द डोळ्यांना सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. देशाच्या नावाची ही सिद्ध व्युत्पत्ती नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवते. आपले कीर्तनकार एखाद्या नावाची फोड करून अर्थ उलगडतात तेव्हा श्रोते तिला व्याकरणाचा तास समजत नाहीत, तसाच हा ध्यानासाठी केलेला शब्दांचा खेळ आहे. पण तो पोकळ नाही, कारण स्तोत्र ११८च्या पाचव्या वचनात ‘मेत्सार’ प्रत्यक्षच येतो. मी कोंडीतून हाक मारली आणि त्याने मला मोकळ्या, प्रशस्त जागेत उत्तर दिले, असा त्या वचनाचा आशय आहे. हाक अरुंद जागेतली, उत्तर ऐसपैस जागेतले.

११३ ते ११८ ही सहा स्तोत्रे यहुदी उपासनेत ‘हल्लेल’ म्हणून एकत्र येतात. वल्हांडण हा मिसरातल्या सुटकेच्या स्मरणाचा यहुदी सण. त्या रात्री घरी वाचायच्या हग्गादा नावाच्या पोथीत ११३ आणि ११४ जेवणाआधी म्हणतात, उरलेली जेवणानंतर. हे सारे मराठीलाही परके नाही, कारण आपले बेने इस्रायली यहुदी लोक कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले आणि १८७४ साली पुण्यात हिब्रूबरोबर मराठी मजकूर असलेली हग्गादा छापली गेली. त्या रात्री वाचले जाणारे एक जुने वचन असे सांगते की प्रत्येक पिढीत प्रत्येकाने आपण स्वतःच मिसरातून निघालो आहोत असे मानावे. १८व्या शतकाच्या अखेरीस लियादीचे श्नेउर झल्मान या हसिदी आचार्यांनी त्यात ‘आणि प्रत्येक दिवशी’ एवढे शब्द जोडले. मला ही भर फार मोलाची वाटते. ‘दुसऱ्या दिवशी आवाज पुन्हा सुरू झाला’ या आपल्या तक्रारीला तिच्यात दोनशे वर्षांपूर्वीच उत्तर मिळाले आहे.

आपल्या ख्रिस्ती परंपरेतले उदाहरण तर नेमके याच स्तोत्राचे आहे. १४व्या शतकाच्या आरंभीचा इटालियन कवी दान्ते याच्या नावावर असलेल्या एका पत्रात, जे त्याचेच आहे की नाही यावर विद्वानांत वाद आहे, या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांचे चार अर्थ दिले आहेत. शब्दशः पाहिले तर मोशेच्या काळी इस्राएल लोक मिसरातून निघाले. रूपकाने पाहिले तर ती ख्रिस्ताने केलेली आपली सुटका. नीतीच्या अंगाने पाहिले तर ते पापाच्या दुःखातून कृपेकडे जीवाचे वळणे. आणि सर्वांत वरच्या अर्थाने पाहिले तर पुनीत झालेल्या जीवाचे या नाशवंत दास्यातून शाश्वत गौरवाच्या स्वातंत्र्यात जाणे. हे चार मजल्यांचे घर आहे आणि त्याचा तळमजला शब्दशः अर्थाचा आहे, एवढे लक्षात ठेवा. आपल्या दादांच्या मुद्द्यापाशी मला त्या तळमजल्याची गरज लागणार आहे.

तेव्हा अधिकार आहे. सोयीचा अर्थ ओळखायची माझी खूण साधी आहे: जो अर्थ वाचणाऱ्याकडून काहीच मागत नाही तो सोयीचा. हे स्तोत्र आपल्याकडून बरेच मागणार आहे.

पहिल्याच वचनातला एक तपशील घाईत निसटतो. याकोबाचे घराणे, म्हणजे इस्राएल लोक, ‘परक्या भाषेच्या लोकांतून’ निघाले, असे तिथे म्हटले आहे. मिसरात मुकादमांचा मार होता, विटांचा हिशेब होता, तान्ह्या मुलग्यांना नदीत टाकण्याचा हुकूम होता. कवीने त्यांतले काहीच घेतले नाही, भाषा तेवढी घेतली. जी भाषा आपली नाही तिच्या हुकमतीत जगणे, हे त्याला दास्याचे पुरेसे वर्णन वाटले. आपण लिहिता की घरात पप्पांचा आवाज आहे. माझी विनंती अशी की तो आवाज नेमकी कोणती वाक्ये बोलतो, ती एकदा कागदावर उतरवा, अगदी शब्दांसकट. मग त्यांतले कोणते वाक्य पप्पांचे, कोणते त्यांच्या वडिलांचे, कोणते गल्लीचे आणि कोणते प्रभूचे, हे वेगळे करा. आपण शिक्षिका आहात. उत्तरपत्रिकेतले कोणते उत्तर शेजारच्या बाकावरून उतरवले आहे, हे आपल्याला अक्षर न पाहताही कळत असेल. माझा अंदाज असा की प्रभूच्या नावावर जमा असलेली बरीच वाक्ये त्याची निघणार नाहीत.

दुसरे वचन म्हणते की यहूदा, म्हणजे इस्राएलांतला एक वंश, त्याचे पवित्रस्थान झाला. ‘त्याचे’ म्हणजे कोणाचे, हे कवी सांगत नाही. परमेश्वराचा स्पष्ट उल्लेख थेट सातव्या वचनात येतो. तोवर वाचणाऱ्याने त्या रिकाम्या सर्वनामाबरोबर चालायचे असते. त्याहून विलक्षण आहे तो क्रम. निर्गमाच्या कथेत आधी समुद्र दुभंगतो आणि मग अरण्यात देवाच्या उपासनेचा निवासमंडप उभा राहतो. स्तोत्रात उलट आहे. माणसेच आधी पवित्रस्थान होतात, आणि समुद्र पळतो तो नंतर. आवाज बंद झाला, झोप लागू लागली, मन निवले, की मग मी देवापाशी नीट बसेन, असा बेत आपण मनाशी करत असाल तर हे स्तोत्र त्याला संमती देत नाही. निघालेला माणूस घाबरलेला असतानाच देवाचे घर झालेला असतो.

मग समुद्र पळतो आणि यार्देन, म्हणजे जॉर्डन नदी, मागे हटते. सांगलीकराला नदीबद्दल मी काय सांगावे! ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट मानतात, तिथे कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती. नदी चढली की ओढे उलटे वाहून गल्ल्यांत शिरतात, हे आपण पाहिले असेल. आपल्या ओळखीचे उलटे पाणी घरात घुसणारे आहे आणि स्तोत्रातले उलटे पाणी वाट देणारे. ज्याने पहिले पाहिले आहे त्यालाच दुसऱ्याची किंमत कळते, म्हणून हे वचन युरोपातल्या पंडितापेक्षा हरिपुरात अधिक चांगले वाचले जाईल असे मला वाटते.

आता मी ज्यासाठी हे सारे लिहिते आहे ती ओळ. ‘हे समुद्रा, तुला काय झाले की तू पळतोस?’ मूळ हिब्रूत इथे क्रियापद रूप बदलते. दोन वचनांपूर्वीचे ‘पळाला’ इथे ‘पळतोस’ होते, जणू कवी या क्षणी किनाऱ्यावर उभा आहे. पण प्रश्न विचारतो कोण? निर्गमाच्या पाचव्या अध्यायात प्रश्न विचारणारे वेगळे आहेत. तिथे फारोचे मुकादम इस्राएलांच्या नायकांना मारतात आणि विचारतात की काल आणि आज तुमच्या विटा नेमून दिल्याइतक्या का भरल्या नाहीत. रोज जाब देणारी ती माणसे या स्तोत्रात समुद्राला जाब विचारतात, नदीला विचारतात, डोंगरांना विचारतात. आंतरिक स्वातंत्र्य हा शब्द मोठा आहे आणि त्यावर खूप धूसर लिहिले जाते. मला त्याचा समजलेला अर्थ एवढाच आहे, की जे आपल्याला विचारत आले त्याला आपण विचारू लागतो. आवाज बंद होणे ही त्याची अट नाही.

आणि हा प्रश्न केवळ दरडावण्याचा नाही. ‘तुला काय झाले?’ हे आपण हट्टी मुलाला रागाने विचारतो आणि तापाने फणफणलेल्या मुलाला हात फिरवत विचारतो. शब्द तेच असतात. दुपारी आडवे झाल्यावर दाराशी कोणी उभे आहे असे वाटेल तेव्हा उठून बसू नका. पडल्या पडल्याच विचारा, ‘पप्पा, तुम्हाला काय झाले होते?’ लहानशा मंडळीत, जिथे प्रत्येकाच्या घरावर प्रत्येकाचा डोळा असतो, वडीलजन म्हणून मिरवणाऱ्या माणसाला किती भीती पोटात घेऊन जगावे लागले असेल, याचा विचार त्या प्रश्नापाशी सुरू होऊ शकतो. उत्तर आलेच पाहिजे असे नाही. स्तोत्रातल्या समुद्रानेही उत्तर दिलेले नाही.

शेवटच्या वचनात खडकाचे तळे होते आणि गारगोटीचा झरा. खडक बाजूला सारलेला नाही, तोच पाणी देतो. ज्या माणसाच्या कडकपणाचा आपल्याला जाच झाला त्यानेच पहाटे पाचला उठवून ही आठ वचने आपल्या जिभेवर ठेवली, हे पत्र लिहिताना आपल्याही लक्षात आले असणार. मला यातून त्यांना निर्दोष ठरवायचे नाही. जाच तो जाचच.

एका बाबतीत मात्र कवीवर विसंबू नका. समुद्र प्रवासाच्या आरंभी लागला आणि यार्देन अखेरीस. मध्ये अरण्यातली ४० वर्षे होती. कवीने ती गाळून समुद्र आणि नदी एका श्वासात आणली आहेत. कवितेला ते शोभते, आपल्याला मधली वर्षे चालावीच लागतात. दान्तेच्या महाकाव्यात हेच स्तोत्र गाणारे शंभराहून अधिक आत्मे नावेतून येतात ते शुद्धीच्या पर्वताच्या पायथ्याशी. अजून सगळी चढण उरलेली असते आणि तरी ते सुटकेचे गाणे गात असतात. प्रार्थनासभेतले आपले रडणे आणि हलके होणे खरे होते, आणि दुसऱ्या दिवशीचा आवाजही खरा होता.

आता दादांचे म्हणणे. इथे तळमजला आठवा. निर्गम ही आधी खऱ्याखुऱ्या वेठबिगारीतून खऱ्याखुऱ्या माणसांनी निघण्याची कथा आहे, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांनी ती गायली तेव्हा त्यांनाही खऱ्या बेड्याच तुटायला हव्या होत्या. जो गूढ अर्थ हा तळमजला पाडून उभा राहतो, जो म्हणतो की आतून मोकळी हो आणि बाहेरचे सोडून दे, त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. फारोनेही एका टप्प्यावर हीच तडजोड सुचवली होती: जा, परमेश्वराची सेवा करा, मुलेबाळेही न्या, फक्त गुरेढोरे इथे राहू द्या. मोशेचे उत्तर होते की एक खूरही मागे राहणार नाही. दादांना मी फारो म्हणत नाही. त्यांच्या अडचणी त्यांनाच ठाऊक. पण भक्तीची परीक्षा म्हणून सही मागणे, ही जुनी युक्ती आहे आणि ती बहुधा बहिणींवरच चालवली जाते.

कायद्याचे थोडक्यात सांगते. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो आणि त्यात मृत्युपत्र नसेल, आई हयात नसेल, तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान असतो. हक्कसोडपत्र एकदा नोंदले गेले की ते फिरवणे फार अवघड जाते. म्हणून नाताळाआधीच सांगलीतल्या एखाद्या दिवाणी वकिलाला घराची कागदपत्रे दाखवा आणि पप्पांनी मृत्युपत्र केले होते का ते पाहा. त्यानंतरही आपल्याला वाटा सोडावासा वाटला तर तो आपला निर्णय असेल, आणि तेव्हा तो खरोखरच सोडणे ठरेल. दादांना सध्या एवढेच कळवा: ‘घराबद्दल मी वकिलांना भेटल्यावर बोलेन. तोवर नाताळ आपण नाताळासारखा करू.’

झोपेसाठी डॉक्टरांना भेटा, आणि त्यांनी मनोविकारतज्ज्ञांचे नाव सुचवले तर तिथेही जा. प्रार्थनेत त्याने काही उणे येत नाही.

राहिले रोजचे वाचन. आपल्या हरिपुरात हळद साठवायची जमिनीखालची पेवे असत, आता थोडीच उरली. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढे आणि आत मोठी जागा. ‘मेत्सार’ आणि प्रशस्त जागा एकाच खड्ड्यात. पेव उघडल्याबरोबर जाणता हमाल आत उडी घेत नाही, कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत काठावर थांबतो. आपणही तसेच करा. दिवसाला एकच वचन मोठ्याने वाचा, मग पाव तास काहीही करू नका, अर्थही काढू नका. आठ दिवसांत स्तोत्र संपेल, नवव्या दिवशी पहिले वचन पुन्हा घ्या. मध्ये आवाज बोललाच तर त्याचे वाक्य त्या कागदावर टिपून ठेवा आणि वाचनाकडे परत या. पाव तास रिकामे बसणे हेच आपल्याला सर्वांत जड जाईल, असे पत्रावरून वाटते.

खुर्चीबद्दल आपण काही विचारलेले नाही, तरी लिहिते. खिडकी पूर्वेला आहे की पश्चिमेला हे पत्रात नाही. ज्या वेळी तिथे वाचण्यापुरता उजेड येतो ती वेळ या वाचनासाठी ठेवा, आणि वेताची वीण सैल झाली असेल तर आधी कारागिराकडून आवळून घ्या, म्हणजे बसता येईल.